भाजी मोठ्या कप्प्यात, पोळी छोट्या कप्प्यात

माननीय संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही डायबिटीसवाल्यांसाठी भाज्यांच्या रेसिपी दिल्यात, पानभर, फोटो पण छान होते, विषय घेतलात याबद्दल आधी मनापासून आभार, कारण आज घरोघरी हाच विषय आहे. पण वाचून झाल्यावर मी आणि मिसेस एकमेकांकडे बघत बसलो. ब्रोकोली, झुकिनी, बेबी कॉर्न, मशरूम आणि सगळ्याला ऑलिव्ह ऑइल. आमच्या ऐरोलीच्या मार्केटात ब्रोकोली मिळते, मिळत नाही असं नाही, पण ती रोज कोण आणणार आणि घरातले सगळे रोज खाणार का? रोज पिशवीतून येते ती गवार, भेंडी, दोडका, दुधी, कोबी, मेथी, वांगी. माणसाची शुगर वर जाते किंवा आटोक्यात राहते ती याच भाज्यांवर, त्या कशा केल्या आणि ताटात किती वाढल्या त्यावर. ते कोणी नीट सांगत नाही म्हणून हे पत्र लिहितोय, लांबलंय, कापायचं तर माझ्याबद्दलचं कापा पण भाज्यांचं राहू द्या.

मी ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका कंपनीत मेंटेनन्सला ३१ वर्षं काढली, २०१९ ला रिटायर झालो. मिसेस अजून नोकरी करते, ठाण्यात एका शाळेच्या ऑफिसला आहे, सकाळी ट्रान्सहार्बरची लोकल पकडून जाते. २०२१ च्या दिवाळीनंतर तिला सारखी तहान लागायची, रात्री तीन-तीनदा उठायची, चेक केलं तर उपाशीपोटी १६८ आणि ती तीन महिन्यांची सरासरीवाली टेस्ट असते ना एचबीएवनसी, ती ८.९. डॉक्टरांनी गोळ्या चालू केल्या आणि तिथल्याच डाएटिशियन मॅडमनी एक छापील कागद हातात दिला, इंग्लिशमध्ये. दुपारी दोन पोळ्या, एक वाटी भाजी, एक वाटी डाळ, सॅलड. रात्री परत तेच. बाकी मग नको-नकोची यादी, साखर नको, भात नको, बटाटा नको, आंबा नको, केळं नको.

आता वाटी म्हणजे कुठली वाटी? आमच्या घरात चार मापांच्या वाट्या आहेत. मुलाने स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा मागवून दिला तेव्हा मी एकदा बसून मोजलंच, आमटीच्या छोट्या वाटीत शिजलेली गवार बसते ७० ग्रॅम आणि मोठ्या वाटीत १५० च्या वर. म्हणजे एकाच कागदाचे दोन अर्थ, एक वाचला तर बाई अर्धपोटी राहणार आणि मग चार वाजता बिस्किटाच्या पुड्याला हात घालणार. आणि तसंच होत होतं.

तिची धावपळ बघून स्वयंपाक मी हातात घेतला. कंपनीत मशीनचं लॉगबुक लिहायची सवय, तशीच एक वही घातली. तारीख, भाजी कुठली, किती, तेल किती चमचे, पोळ्या किती, आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी मीटरवर आलेला आकडा. स्ट्रिप महाग पडतात म्हणून आठवड्यातून तीन वेळाच बघायचो. त्यातल्या तीनच ओळी देतो. तीन पोळ्या आणि बटाट्याची सुकी भाजी, २३४. दोन पोळ्या, गवार छोटी वाटी, १९६. दीड पोळी, गवार दोन मोठ्या वाट्या, काकडी, ताक, १५८. गोळ्या तिन्ही दिवशी त्याच होत्या. हे एका माणसाचे आकडे आहेत, दुसऱ्याचे वेगळे येतील हे मला कळतं, पण आमच्या घरात तरी त्या वहीने डोळे उघडले.

आपल्याकडे भाजीला शब्दच तोंडी लावणं असा आहे. खायची पोळी नाहीतर भाकरी, नाहीतर भात, आणि तो घशाखाली उतरायला भाजी. पंगतीच्या पानात बघा, डावीकडे कोशिंबीर चमचाभर, उजवीकडे भाजी डावभर, आणि मध्ये भाताची मूद आणि पोळ्या परत परत फिरतायत. शेतात दिवसभर राबणाऱ्या माणसाला ते ठीक होतं. आम्ही मूळचे साताऱ्याकडचे, माझे वडील चार भाकरी खायचे आणि पचवायचे. मी कंपनीत निदान दिवसभर उभा असायचो, मिसेस आठ तास खुर्चीत बसते. मे २०२४ मध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने आहाराची नवीन मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यात निम्मं ताट भाज्या आणि फळांचं असावं असं सांगितलंय, दिवसाला माणशी अर्धा किलो भाज्या-फळं. अर्धा किलो! आपल्याकडे अर्धा किलो गवारीत चार माणसांचं घर जेवतं.

म्हणून मी पहिला बदल केला तो डब्यात. मिसेसचा दोन कप्प्यांचा स्टीलचा डबा आहे, खालचा मोठा, वरचा छोटा. वीस वर्षं मोठ्या कप्प्यात तीन पोळ्या आणि छोट्यात भाजी जायची. मी उलटं केलं. मोठ्यात काठोकाठ भाजी आणि छोट्यात दीड पोळी चौघडी करून, शिवाय एका प्लास्टिकच्या डबीत काकडी-मुळ्याच्या फोडी. पहिल्या दिवशी संध्याकाळी घरी येऊन म्हणाली अहो डबा चुकून उलटा भरलात का. चुकून नाही म्हटलं, आता असाच भरणार. ती आधी काकडी खाते, मग अर्धी भाजी नुसतीच, मग पोळीबरोबर उरलेली. भाजी आधी पोटात गेली की पोळीची साखर रक्तात सावकाश उतरते, हे हल्ली डॉक्टरही सांगतात आणि वहीतही तसंच दिसलं.

पण इथे एक गोष्ट सांगायलाच पाहिजे कारण ती माझ्या हातून झालेली चूक आहे. उत्साहात मी पहिल्याच आठवड्यात घरच्या जेवणातल्या पोळ्या तीनवरून एकदम एकवर आणल्या आणि गोळ्या तशाच चालू. शनिवार होता, ती घरीच होती, जेवण होऊन बराच वेळ झाला होता, आणि एकदम हात थरथरायला लागले, कपाळावर घाम, मीटरवर ६४. लगेच पाण्यात साखर विरघळवून दिली, पंधरा मिनिटांनी परत बघितलं तेव्हा जीवात जीव आला. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी ग्लिमिपिराइड या शुगर उतरवणाऱ्या औषधाची गोळी कमी केली आणि मला सांगितलं की जेवण बदलायचं तर आधी मला विचारा. म्हणून वाचणाऱ्या प्रत्येकाला हात जोडून सांगणं आहे, गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर पोळी-भाताचं प्रमाण डॉक्टरांना सांगून, हळूहळू बदला.

आता भाज्या. मोठा कप्पा भरायचा म्हटलं की पहिला प्रश्न तेलाचा येतो, कारण दुप्पट भाजी करून दुप्पट तेल घातलं तर शुगर उतरेल पण वजन चढेल. आमच्याकडे फोडणीला पळीभर तेल जायचं, कोणी मोजलं नव्हतं. मी पळी मोजली तर सहा चमचे निघाले, चहाचे. एका चमच्यात पाच ग्रॅम तेल, ४५ कॅलरी. आता चौघांच्या भाजीला चारच चमचे, आणि माणशी महिन्याला अर्धा लिटरच्या वर तेल आणायचं नाही.

कमी तेलात भाजी लागत नाही का करपत नाही का, तर नाही, आपल्या आयांची झाकणावर पाणी ठेवायची पद्धत आहे ना तीच वापरायची. दोडका घ्या. फोडणीत जिरं, हिंग, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, त्यात दोडक्याच्या फोडी आणि अर्धा तास भिजवलेली मूठभर मूगडाळ, हलवून वर खोलगट ताटली आणि ताटलीत पेलाभर पाणी. गॅस बारीक. आतली वाफ थंड ताटलीला लागते आणि पाणी होऊन परत भाजीतच पडते, दोडका स्वतःच्या पाण्यात शिजतो. दहा मिनिटांनी ताटली उचलली की खालून पाणी टपटप गळतं आणि असा वास येतो की मुलगा आतल्या खोलीतून विचारतो आज काय आहे. मीठ शेवटी घालायचं कारण दोडका आळतो, आधी अंदाजाने टाकलं तर खारट होतो. शिरा फेकायच्या नाहीत, तव्यावर कोरड्या भाजून तीळ, लसूण, लाल तिखट घालून चटणी करायची. दुधी, पडवळ, कोबी सगळं याच पद्धतीने होतं, पडवळात मूगडाळीऐवजी चणाडाळ चांगली लागते. दुधीचं एक लक्षात ठेवा, चिरल्यावर कच्चा तुकडा जिभेला लावून बघा, कडू लागला तर सरळ टाकून द्या, शिजवूनही खाऊ नका आणि त्याचा ज्यूस तर अजिबातच नको, कडू दुधीने माणसं गंभीर आजारी पडलेली आहेत.

दुसरं म्हणजे गूळ. आपल्या भाजीत गुळाचा खडा कधी शिरला कळतच नाही. गवारीत गूळ, कारल्यात गूळ, वांग्याच्या रश्श्यात गूळ, अळूच्या फदफद्यात गूळ, कोशिंबिरीत चवीपुरती साखर. आणि आपल्या लोकांच्या डोक्यात पक्कं बसलंय की साखर वाईट पण गूळ चालतो. नाही चालत हो, गूळ रक्तात जाऊन साखरच होतो. मिसेस कोकणातली, चिपळूणकडची, तिला गूळ-खोबऱ्याशिवाय भाजी म्हणजे भाजीच वाटायची नाही, आणि माझ्या आईला दाण्याच्या कुटाशिवाय. मी दोघींचं थोडं थोडं ठेवलं. गूळ पूर्ण बंद, खोबरं आणि कूट चमच्याने मोजून, चौघांच्या भाजीला दोन मोठे चमचे, दोन्हीतलं एकच. कुटाने शुगर फारशी वाढत नाही पण तेल आहेच की त्यात. गोडसरपणा पाहिजे असेल तर कांदा जास्त घ्यायचा आणि बारीक गॅसवर गुलाबी होईपर्यंत परतायचा, त्याचा स्वतःचा गोडवा उतरतो. ही युक्ती मला बाजारातल्या भाजीवाल्या मावशींनी सांगितली.

गवारीवर तर माझा विशेष जीव आहे. लोक नाक मुरडतात, पण तिच्यासारखी शुगरला भाजी नाही असं माझं मत झालंय. तिच्या बियांपासून जो गवार गम निघतो ना, आइस्क्रीम आणि सॉसेसमध्ये घट्टपणासाठी वापरतात तो, तो म्हणजे पाण्यात विरघळणारा फायबरच, पोटात त्याची जेली होते आणि साखर सावकाश शोषली जाते. कोवळी गवार घ्यायची, सुरीने चिरायची नाही, हाताने शिरा काढत मोडायची, हे काम मी रात्री बातम्या बघत करतो. फोडणीत ओवा आणि भरपूर लसूण, आमच्याकडचा कांदा-लसूण मसाला एक चमचा, झाकणावर पाणी, आणि उतरवताना एक चमचा कूट. ओव्याने पोटात वायू धरत नाही.

भेंडी तेल पिते कारण आपण ती ओली चिरतो. आदल्या रात्री धुवून पंचावर पसरून ठेवा, सकाळी कोरडी ठणठणीत चिरा, पसरट कढई चांगली तापवा, झाकण ठेवू नका, मीठ अगदी शेवटी, दोन कोकमं टाका, चिकटपणा जातो. वांग्याचं भरीत तर जवळजवळ बिनतेलाचंच होतं, वांगं गॅसवर भाजायचं, त्यात कांद्याची पात, हिरवी मिरची आणि लसूण तव्यावर भाजून ठेचलेला, कोथिंबीर, वरून एक चमचा कच्चं तेल. फोडणीची गरज नाही. थंडीत हे भरीत आणि ज्वारीची एक भाकरी, अजून काय पाहिजे.

पालेभाज्यांचं दुखणं वेगळं आहे. मेथीची जुडी निवडून चिरली की परातभर दिसते आणि शिजली की वाटीभर. घरात चौघं आणि जुडी एक, मग प्रत्येकाच्या ताटात चमचाभर येते आणि आपण समजतो पालेभाजी खाल्ली. चौघांना तीन जुड्या लागतात, मोठ्या असल्या तरी दोन. निवडायला वेळ जातो हे खरं, नोकरी करणाऱ्या बाईने हे रोज करावं असं म्हणणं अन्याय आहे, म्हणून घरात जो कोणी मोकळा बसलेला असेल त्याने निवडायची, रिटायर्ड पुरुषांना तर हे काम जमलंच पाहिजे. निवडून, न धुता, कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवली की दोन दिवस राहते. मेथी, लाल माठ, चवळी, शेपू, सगळ्यात भिजवलेली मूगडाळ घालतो, पीठ पेरत नाही, बेसन काही वाईट नाही पण पीठ पेरलं की ते कोरडं लागतं आणि मग तेल ओतावं लागतं. पालकाचं किंवा चाकवताचं ताकातलं गरगटं केलं तर त्यात मात्र चमचाभर बेसन लावतो, ते पातळ असतं म्हणून तेल लागत नाही.

पावसाळ्यात ठाणे स्टेशनच्या बाहेर आणि आमच्या इथेही आदिवासी बायका रानभाज्या घेऊन बसतात. टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी, कंटोली, आणि पावसाच्या तोंडावर शेवळं. वर्षातून दोनच महिने मिळतात आणि शेतात न पिकवता आपोआप उगवतात. टाकळा कोवळा घ्यायचा, भरपूर कांदा-लसूण घालून मेथीसारखाच करायचा. शेवळं मात्र माहीत असलेल्या माणसाकडून शिकूनच करा, त्यात काकडं नावाची आंबट रानफळं किंवा चिंच घातली नाही तर घसा खाजतो. या बायका पहाटे निघून गाडीने येतात, दहा-वीस रुपयांच्या वाट्यावर त्यांच्याशी घासाघीस करू नये एवढंच मला वाटतं.

कारल्याबद्दल थोडं स्पष्ट बोलतो. कारलं ही भाजी आहे, औषध नाही. आमच्याच मजल्यावरचे एक काका, सकाळी उपाशीपोटी पेलाभर कारल्याचा रस प्यायचे आणि वर गोळी घ्यायचे, एक दिवस खाली गेटपाशी चक्कर येऊन बसले, शुगर उतरली होती. रस आणि गोळी दोन्ही मिळून जास्त झालं असं त्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं. आणि दुसऱ्या टोकाला आपण काय करतो, कारलं मिठात पिळून पिळून त्याचा चोथा करतो, तेलात तळतो आणि चिंच-गूळ घालतो, म्हणजे कारल्याचं नाव आणि गुळाचं काम. मी पातळ चकत्या करतो, बिया कोवळ्या असतील तर ठेवतो, मीठ लावून वीस मिनिटं ठेवून हलक्या हाताने दाबतो, लोखंडी तव्यावर तीन चमचे तेलात दुप्पट कांद्याबरोबर मंद गॅसवर पाऊण तास, मधून मधून हलवत, कडा तांबूस कुरकुरीत होईपर्यंत. वरून आमचूर आणि तीळ. कडूपणा राहतो, तो राहिलाच पाहिजे, पण माझी ८१ वर्षांची आईसुद्धा मागून घेते.

बटाट्याला मी शत्रू मानत नाही. फक्त तो भाजीच्या कप्प्यात मोजायचा नाही, पोळीच्या कप्प्यात मोजायचा. १०० ग्रॅम बटाट्यात १५-१६ ग्रॅम कार्ब असतात, म्हणजे ज्याची रक्तात साखर होते ते, तेवढ्याच दुधीत किंवा दोडक्यात तीन-साडेतीनच्या आत. मग बटाट्याची भाजी आणि पोळी म्हणजे पोळीला तोंडी लावायला पोळी. तेच रताळं, सुरण, कच्चं केळं, मका, आणि भरपूर मटार घातलेल्या भाजीचं. सणावाराला बटाट्याची भाजी झालीच तर त्या दिवशी एक पोळी कमी आणि शेजारी कोबीची पचडी मोठी वाटी. उपवासाला तर साबुदाण्याऐवजी लाल भोपळ्याचं दह्यातलं भरीत आणि काकडीची कोशिंबीर करा, साखर न घालता, आमच्याकडे संकष्टीला आता तेच असतं, वहीत साबुदाणा खिचडीचा आकडा २५१ आहे आणि तो बघितल्यावर मिसेसने स्वतःहून सोडली.

कोशिंबीर शब्दावर अजून एक. चमचाभर कोशिंबीर हा आपल्या ताटावरचा अन्याय आहे. काकडी, मुळा, गाजर, कोबी, टोमॅटो, कांदा जे असेल ते, दही घरचं, मोहरी-हिंगाची अर्ध्या चमच्याची फोडणी, भरड मिरपूड, आणि वाटीभर खायची. मुळ्याचा पाला फेकू नका, त्याची चिरून मूगडाळीतली भाजी मेथीपेक्षा छान होते आणि जुडीबरोबर फुकट येते.

हे सगळं मी मिसेससाठी सुरू केलं होतं आणि पहिले दोन महिने मी तिची वेगळी भाजी करायचो, बिनतेलाची, बिनतिखटाची, पथ्याची म्हणून छोट्या पातेल्यात. ती मुकाट खायची आणि आम्ही तिघं तिच्यासमोर तर्रीवाली भाजी खायचो. एक दिवस ती जेवता जेवता उठून गेली, काही बोलली नाही, तिच्या ताटात दुधी तसाच होता. त्या रात्री मला झोप आली नाही. दुसऱ्या दिवसापासून छोटं पातेलं बंद केलं, एकच कढई, एकच भाजी, सगळ्यांना तीच. थोडी कुरकुर झाली मुलाची, तो २७ वर्षांचा, आयटीत आहे, रात्री ऑनलाइन मागवायचा. मग गेल्या वर्षी त्याच्या कंपनीत हेल्थ चेकअप झालं आणि त्याचं एचबीएवनसी आलं ५.९. ५.७ ते ६.४ म्हणजे प्रीडायबिटीस, अजून डायबिटीस नाही पण दारात उभा. त्याने कागद माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाला बाबा माझा पण डबा उलटा भरा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, म्हणजे आयसीएमआरची जी मोठी पाहणी २०२३ मध्ये आली त्यात देशात डायबिटीस असणारे १० कोटींच्या वर आणि प्रीडायबिटीसवाले १३ कोटींच्या वर सांगितलेत, म्हणजे दारात उभे असलेले आत आलेल्यांपेक्षा जास्त, आणि त्यातले कितीतरी आपल्याच घरातली तरुण मुलं आहेत ज्यांना वाटतं पथ्याची भाजी म्हणजे म्हाताऱ्यांची.

मिसेसचं एचबीएवनसी दीड वर्षात ६.९ वर आलंय. गोळ्या चालू आहेत, रोज संध्याकाळी चालणं चालू आहे, त्यामुळे सगळं श्रेय भाजीचं असं मी म्हणणार नाही. पण चार वाजताची बिस्किटं सुटली ती मोठ्या कप्प्यामुळेच. तिच्या ऑफिसमधल्या दोघी बायकांनी डबे उलटे केलेत.

किडनीचा त्रास असेल, क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर पालेभाज्या, टोमॅटो, शेवगा किती खायचा ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय ठरवू नका, पोटॅशियमचा प्रश्न असतो. रक्त पातळ करणारी वॉरफेरिनची गोळी चालू असेल तर पालेभाजी एक दिवस ढीगभर आणि मग आठवडाभर नाही असं करू नका, रोज सारखीच ठेवा. असा त्रास किंवा अशी गोळी असणाऱ्यांनी हे पत्र वाचून एकदम सगळं बदलू नये म्हणून मुद्दाम लिहितोय.

आता विनंती. तुमच्या पेपरात वाशीच्या एपीएमसी मार्केटचे भाज्यांचे भाव येतात. त्याच्या शेजारी रोज एक छोटी चौकट द्या. आज कुठली भाजी स्वस्त आहे आणि शुगर असलेल्या माणसाच्या घरात ती चौघांना कशी करायची, किती किलो घ्यायची, तेल किती चमचे, बरोबर पोळी किती. दहा ओळी पुरे. ग्रॅममध्ये द्या आणि वाटीचं माप एकदा ठरवून सांगा, १५० ग्रॅमची वाटी असं. ब्रोकोली पण येऊ द्या कधीतरी, माझा तिच्यावर राग नाही, पण गवार महिन्यातून चार वेळा येऊ द्या. एखाद्या डाएटिशियनकडून तपासून घ्या म्हणजे माझ्यासारख्याच्या चुका होणार नाहीत. आणि अक्षर मोठं ठेवा, माझ्या आईला चष्म्यातूनही तुमच्या पुरवणीतल्या रेसिपी वाचता आल्या नाहीत, मलाच वाचून दाखवाव्या लागल्या.

माझ्या वहीत आत्तापर्यंत ४३ भाज्या झाल्यात, महिन्यानुसार लिहिलेल्या, आकड्यांसकट. पाहिजे असेल तर झेरॉक्स काढून तुमच्या ठाण्याच्या ऑफिसात आणून देतो, नाव छापलं नाही तरी चालेल. बुधवार सोडून कुठल्याही दिवशी अकरानंतर येऊ शकतो, बुधवारी आईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचं असतं.

आपला नम्र,
एक वाचक, ऐरोली, नवी मुंबई